निर्णय घेऊ शकणारा ऑप्टोमेट्रिस्ट कसा घडवावा

ऑप्टोमेट्रीच्या पदवीला यंदा प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढची तीस-पस्तीस वर्षं जे काम करायचं आहे, ते त्यांच्या शिक्षकांनी आजवर केलेल्या कामापेक्षा बरंच वेगळं असेल. चष्म्याचा नंबर काढणं आणि कॉन्टॅक्ट लेन्स बसवणं हा या व्यवसायाचा पाया आहे आणि तो तसाच राहणार. पण त्याच्या जोडीला मधुमेहींच्या पडद्याची तपासणी, काचबिंदूच्या रुग्णांची दोन भेटींमधली देखरेख, शाळकरी मुलांचा वाढता मायनस नंबर आटोक्यात ठेवणं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्याचे फोटो काढणं अशी कामं ऑप्टोमेट्रिस्टकडे येऊ लागली आहेत. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश आहे, आणि आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणून मान्यता हवी तर किमान ३६०० तासांचं शिक्षण झालेलं असावं, अशी अट त्यात आहे. २०२५ मध्ये केंद्राने दहा व्यवसायांचे नवे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यांतही ऑप्टोमेट्री आहे. त्यामुळे या विस्तारासाठी विद्यार्थ्याला काय शिकवायचं, हा प्रश्न आता प्रत्येक महाविद्यालयापुढे उभा आहे. बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर नव्या यंत्रात शोधलं जातं: ओसीटी घ्या, फंडस कॅमेरा घ्या, अभ्यासक्रमात एक पेपर वाढवा. माझं म्हणणं वेगळं आहे. विद्यार्थ्याला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त शिकवायला हवा तो निर्णय. समोरच्या रुग्णाचं आज मी काय करायचं, त्याला कोणाकडे आणि किती घाईने पाठवायचं, आणि पाठवल्यावर खरोखर काय निघालं, या तीन प्रश्नांभोवती चार वर्षांची मांडणी झाली पाहिजे. त्यातला तिसरा प्रश्न तर आज बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही.

निर्णयावर इतका भर का, हे आपल्याकडच्या आकड्यांवरून कळतं. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे. २०१५ ते २०१९ या काळात पन्नाशीपुढच्या लोकांची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांमध्ये डायबेटिक रेटिनोपॅथी आढळली, आणि सुमारे ९० टक्के मधुमेहींच्या पडद्याची त्यासाठी कधीच तपासणी झालेली नव्हती. काचबिंदूचं चित्र याहून वेगळं नाही. चाळिशीपुढचे एक कोटीहून अधिक भारतीय या रोगाने ग्रस्त असावेत असा अंदाज आहे, आणि दक्षिणेत झालेल्या मोठ्या पाहण्यांत जे रुग्ण सापडले त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना आपल्याला काचबिंदू आहे याचा पत्ताच नव्हता. दोन्ही रोग सुरुवातीला दुखत नाहीत, डोळा लाल करत नाहीत, समोरचं अक्षर पुसट करत नाहीत. साहजिकच असा माणूस नेत्रतज्ज्ञाकडे जात नाही. मात्र एका कामासाठी तो हमखास बाहेर पडतो. चाळिशी लागली, पेपर हात लांब करून वाचावा लागू लागला, की तो चष्म्यासाठी येतो. काचबिंदू आणि मधुमेह मूळ धरतात तेही साधारण याच वयात. गावातल्या किंवा उपनगरातल्या चष्म्याच्या दुकानातला ऑप्टोमेट्रिस्ट हा अनेकांच्या आयुष्यात त्यांचा डोळा बारकाईने पाहणारा पहिला आणि पुढची पाच-सात वर्षं एकमेव माणूस असतो. त्याने वाचनाचा नंबर अचूक काढला आणि ऑप्टिक डिस्ककडे पाहिलंच नाही, तर रुग्ण समाधानाने घरी जातो आणि रोगाला मोकळं रान मिळतं.

जागतिक ऑप्टोमेट्री परिषदेने २००५ मध्ये या व्यवसायाच्या व्याप्तीचं चार पायऱ्यांचं प्रारूप मांडलं: चष्मे आणि लेन्स पुरवण्याचं तंत्र, दृष्टीच्या कार्याची तपासणी, डोळ्यांच्या रोगांचं निदान आणि रोगांवर उपचार. भारतात पदवीचं शिक्षण तिसऱ्या पायरीला स्पर्श करतं, प्रत्यक्ष व्यवसाय बहुतांशी दुसरीवर चालतो, आणि चौथीच्या तोंडाशी औषधविषयक कायदा उभा आहे, कारण शेड्यूल एच मधल्या औषधांसाठी नोंदणीकृत वैद्यकाची चिठ्ठी लागते. ही चार पायऱ्यांची शिडी वाचताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. प्रत्येक पायरीबरोबर चुकीची किंमत वाढत जाते. नंबर पाव डायॉप्टरने चुकला तर रुग्ण आठवड्यात परत येतो, काच बदलून मिळते. कोन अरुंद असलेल्या डोळ्यात बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकले तर त्याच रात्री प्रेशर चढू शकतं. काचबिंदू हुकला तर गेलेली नजर कोणालाही परत आणता येत नाही. म्हणून व्याप्ती वाढली असं म्हणताना जबाबदारी किती वाढली तेही त्याच वाक्यात म्हणायला हवं, आणि शिक्षणाचे तास त्या हिशेबाने वाटायला हवेत.

बाहेरच्या देशांचा अनुभव इथे उपयोगी आहे, पण तो नीट वाचावा लागतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडने १९७१ मध्ये ऑप्टोमेट्रिस्टना तपासणीपुरती औषधं वापरायची परवानगी दिली, वेस्ट व्हर्जिनियाने १९७६ मध्ये उपचाराची औषधं खुली केली, ओक्लाहोमाने १९९८ मध्ये आणि केंटकीने २०११ मध्ये काही लेझर प्रक्रियाही. आपल्याकडच्या परिसंवादांत ही यादी उत्साहाने वाचली जाते. तिच्यामागे काय आहे हे मात्र क्वचितच सांगितलं जातं: तिथली ऑप्टोमेट्रीची पदवी ही आधीच्या पदवीनंतर चार वर्षं चालते, आणि त्यात रुग्ण तपासण्याचा काळ मोठा असतो. ब्रिटनने निराळी वाट धरली. तिथे २००८ मध्ये ऑप्टोमेट्रिस्टना स्वतंत्रपणे औषधं लिहून देण्याची मुभा मिळाली, पण ती सरसकट सगळ्यांना नाही. ज्याला हवी त्याने वेगळी पात्रता मिळवायची, नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठरावीक काळ काम करायचं आणि मग नोंदणीत तशी नोंद करून घ्यायची. मँचेस्टरमध्ये काचबिंदूच्या संशयितांना थेट रुग्णालयात न पाठवता आधी खास तयार केलेल्या ऑप्टोमेट्रिस्टकडून पुन्हा तपासून घ्यायची योजना राबवली गेली, आणि रुग्णालयातली अनावश्यक गर्दी त्याने लक्षणीय कमी झाली.

मला सर्वांत बोलकं वाटतं ते आपल्या शेजारचं उदाहरण. कर्नाटकात २००८ पासून चाललेल्या किड्रॉप कार्यक्रमात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्याचे फोटो जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन तंत्रज्ञ काढतात. ते डॉक्टर नाहीत. तरीही कोणतं बाळ घरी जाऊ शकतं, कोणाला पुन्हा पाहायचं आणि कोणाला तातडीने उपचार हवेत, याचा प्राथमिक निर्णय ते तिथेच देतात. हा विश्वास त्यांना पदवीच्या कागदावर मिळालेला नाही. त्यांनी काढलेली चित्रं आणि दिलेले निर्णय तज्ज्ञांच्या निर्णयांशी ताडून पाहिले गेले, गुण दिले गेले, आणि त्या गुणांवरून कोणी काय करायचं हे ठरलं. ब्रिटन आणि कर्नाटक यांच्यात समान असं जे आहे, ते एवढंच: शिकणाऱ्याचा निर्णय अधिक अनुभवी माणसाच्या निर्णयाशेजारी ठेवून, पुन्हापुन्हा, रुग्णागणिक तपासला गेला. यंत्र दोन्हीकडे होतंच, पण फरक या ताडून पाहण्याने पडला.

आता आपल्या महाविद्यालयांतलं लॉगबुक उघडून पाहा. इतकी रेटिनोस्कोपी, इतकी टोनोमेट्री, इतक्या कॉन्टॅक्ट लेन्स, प्रत्येक ओळीपुढे सही. विद्यार्थ्याने हात किती वेळा चालवला हे त्यातून कळतं, डोकं कसं चालवलं हे कळत नाही. हे लॉगबुक बदलणं ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सुधारणा आहे, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. समजा, अठ्ठेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ जवळच्या चष्म्यासाठी आले. दूरची नजर ६/६, प्रेशर उजवीकडे १७, डावीकडे १८. उजव्या डोळ्यात कप-डिस्क रेशो ०.५, डाव्यात ०.७. विद्यार्थ्याने रुग्णाला पाठवण्याआधीच स्वतःच्या अक्षरात लिहावं: डाव्या डोळ्यात काचबिंदूचा संशय, प्रेशर नॉर्मल असलं तरी, पंधरा दिवसांत नेत्रतज्ज्ञांकडे, गोनिओस्कोपी आणि फील्ड हवं, डावी डिस्क मुळातच आकाराने मोठी निघाली तर संशय कमी होईल. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आपलं मत कशाने बदलेल हे ज्याला सांगता येतं, त्याने विचार केलेला असतो. मग महिन्याभराने त्याच ओळीपुढे नेत्रतज्ज्ञांना काय आढळलं ते लिहिलं जावं. चेन्नईतल्या मोठ्या पाहणीत ओपन अँगल काचबिंदू सापडलेल्या बहुसंख्य लोकांचं प्रेशर नॉर्मल मर्यादेतच होतं; हे वाक्य पुस्तकात वाचलेला विद्यार्थी परीक्षेनंतर विसरतो, पण स्वतःच्या वहीत अशा पाच ओळी पूर्ण झालेल्या पाहिलेला विद्यार्थी १७ हा आकडा पाहून निर्धास्त होत नाही.

यात एक अडचण आहे आणि ती सोडवल्याशिवाय ही वही अर्धवटच राहते. ज्यांना पाठवलं त्यांचं काय झालं ते कळतं; ज्यांना सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवलं त्यांच्याबद्दल कोण सांगणार? हुकलेला रुग्ण परत येऊन तक्रार करत नाही, आणि आलाच तर पाच वर्षांनी दुसऱ्याच कोणाकडे येतो. म्हणून विद्यार्थ्याने नॉर्मल म्हणून नोंदवलेल्या रुग्णांपैकी, धरा दर दहावा रुग्ण, शिक्षकाने त्याच दिवशी पुन्हा तपासावा. कोणता तपासला जाणार हे विद्यार्थ्याला आधी माहीत नसावं. यामागे पकडण्याचा हेतू नाही, हे विभागप्रमुखाने पहिल्या दिवशी स्पष्ट सांगावं आणि तसं वागूनही दाखवावं. या तपासणीतून निघालेल्या चुकांना गुण कापले की विद्यार्थी शंका असलेल्या प्रत्येकाला रेफर करू लागतो, आणि मग नेत्रतज्ज्ञाच्या ओपीडीत गर्दी होते आणि खरा रुग्ण त्या गर्दीत मागे पडतो. जास्त पाठवणं आणि कमी पाठवणं या दोन्ही चुका आहेत. दोन्हींचा हिशेब महिन्यातून एकदा गटात बसून, नावं न घेता, व्हावा.

निर्णय शिकवायचा म्हणजे हाताचं काम दुय्यम, असा अर्थ कोणी काढू नये. उलट साध्या साधनांनी करायच्या तपासण्यांचा क्रमच निर्णयाने भरलेला असतो. बाहुली मोठी करण्याआधीची पाच मिनिटं घ्या. अंधाऱ्या खोलीत, रुग्णाला दूर पाहायला सांगून, टॉर्च एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद धरायचा, झटकन दुसऱ्यावर न्यायचा, तेवढाच वेळ धरायचा, पुन्हा परत. निरोगी डोळ्यांत बाहुली दोन्हीकडे सारखीच आकुंचन पावते. टॉर्च आल्याबरोबर एखादी बाहुली आकुंचन पावण्याऐवजी पसरली, तर त्या बाजूच्या नसेत किंवा पडद्यात मोठा बिघाड आहे. थेंब टाकल्यावर हा पुरावा नाहीसा होतो आणि मग कितीही महागडं यंत्र असलं तरी काही तास तो मिळवता येत नाही. त्यानंतर स्लिट लॅम्पचा प्रकाश अगदी बारीक करून साठ अंशांच्या कोनातून बुबुळाच्या कडेवर टाकायचा, आणि बुबुळाची जाडी व त्यामागची काळी पोकळी यांची तुलना करायची. पोकळी जाडीच्या पावपट किंवा त्याहून कमी दिसली तर थेंब बाजूला ठेवून आधी गोनिओस्कोपी. आशियाई लोकांत कोन बंद होऊन होणारा काचबिंदू युरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळतो, आणि तरी गोनिओस्कोपी हाच आपल्याकडचा सर्वांत दुर्लक्षित प्रॅक्टिकल आहे. लेन्स महाग नाही, वेळही फार लागत नाही, फक्त शिकताना पहिल्या काही डझन डोळ्यांत काहीच नीट ओळखू येत नाही आणि विद्यार्थी कंटाळतो. शिक्षकाने शेजारी बसून तो टप्पा पार करून द्यायला हवा. ओसीटीचा रंगीत कागद वाचायला शिकणं याच्या तुलनेत सोपं आहे, म्हणूनच ते नंतर शिकवावं.

यावर विद्यार्थ्यांचा एक आक्षेप असतो, आणि तो रास्त वाटावा असाच आहे: कायदा औषध लिहू देत नाही, मग औषधशास्त्र इतकं खोलात का शिकायचं? उत्तरासाठी आपल्या उसाच्या पट्ट्यात जाऊ. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर, मराठवाड्यात दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत ऊसतोड चालते. धारदार पान बुबुळाला लागतं, आणि वनस्पतीने झालेल्या अशा जखमेत बुरशी शिरून अल्सर होतो. मजूर फडावर असतो, दिवसाची मजुरी बुडवणं परवडत नाही, म्हणून तो मेडिकलमधून लाल डोळ्याचे थेंब घेतो. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, लाली उतरते, आणि आत बुरशी फोफावते. चौथ्या-पाचव्या दिवशी तो जवळच्या ऑप्टोमेट्रिस्टकडे येतो. इथे ऑप्टोमेट्रिस्टला औषध लिहायचं नाही, पण थेंबाच्या बाटलीवरचं नाव वाचून त्यात काय आहे हे ओळखायचं आहे. फ्लुरेसिनची पट्टी लावून निळ्या प्रकाशात जखम पाहायची, प्रकाशाच्या पट्टीची उंची जुळवून ती किती मिलिमीटरची आहे हे मोजायचं, कडा पिसासारख्या आहेत का, मुख्य डागाशेजारी छोटे डाग आहेत का, हे टिपायचं. पट्टी बांधायची नाही. स्टेरॉइड चालू असेल तर तिथूनच नेत्रतज्ज्ञांना फोन करून पुढे काय करायचं ते विचारायचं, आणि त्याच दिवशी खरवडून स्मिअर तपासता येईल अशा ठिकाणी पाठवायचं. अशा अल्सरवर नाटामायसिन हे पहिल्या पसंतीचं औषध का, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोलपेक्षा, विशेषतः फ्युझेरियम जातीच्या बुरशीवर, सरस का ठरलं, हे ज्याला माहीत आहे तो रुग्णाला नुसतं डॉक्टरकडे जा असं सांगत नाही. आज गेलास तर डोळा वाचेल, परवा गेलास तर सांगता येत नाही, हे तो पटवून देऊ शकतो. औषधशास्त्राचं ज्ञान चिठ्ठी लिहिण्याच्या कितीतरी आधी उपयोगी पडतं. आणि उद्या कायदा बदलला, तर त्या दिवसापासून शिकायला सुरुवात करणारी पिढी रुग्णांच्या डोळ्यांवर शिकेल.

दुसरा आक्षेप नेत्रतज्ज्ञांचा आहे आणि त्याला व्यवसायातली चढाओढ म्हणून झटकून टाकणं चुकीचं होईल. त्यांची खरी काळजी अशी की अर्धवट तयारीच्या माणसाने डोळे चांगले आहेत असं सांगितलेला रुग्ण अजिबात न तपासलेल्या रुग्णापेक्षा जास्त धोक्यात असतो, कारण तो आता दोन वर्षं कोणाकडे जाणार नाही. हे खरं आहे. म्हणूनच पदवी मिळाली म्हणजे सगळी कामं स्वतंत्रपणे करायला मोकळे, ही समजूत सोडून द्यावी लागेल. नेदरलँड्सचे वैद्यकशिक्षणतज्ज्ञ ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये मांडलेली कल्पना इथे कामाची आहे: विश्वास माणसावर एकगठ्ठा टाकायचा नाही, एकेका कामापुरता टाकायचा. एखाद्या विद्यार्थिनीला पडद्याचे फोटो वाचायला एकटीवर सोपवता येईल, पण गोनिओस्कोपी करताना शिक्षक शेजारी हवा. लहान मुलांची रेटिनोस्कोपी ती एकटी करेल, पण तिरळेपणाचं मोजमाप कोणीतरी पुन्हा पाहायला हवं. प्रत्येक कामापुढे ती कोणत्या टप्प्यावर आहे हे लिहिलेलं असावं: पाहते, शेजारी कोणी असताना करते, हाकेच्या अंतरावर कोणी असताना करते, एकटी करते. हा तक्ता नेत्रतज्ज्ञाच्या सहीने भरला गेला, तर त्याची शंका हीच प्रशिक्षणाची मोजपट्टी बनते. आणि स्पष्टच सांगतो, आपल्याकडे सध्या लेझर आणि छोट्या शस्त्रक्रियांच्या अधिकाराची मागणी पुढे रेटणं मला योग्य वाटत नाही. पन्नाशीपुढच्या अंधत्वात दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा आहे, आणि तिथे कमतरता आहे ती रुग्ण वेळेवर ओळखून पोचवणाऱ्यांची आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांची नजर तपासणाऱ्यांची.

ज्या महाविद्यालयाला स्वतःचं नेत्ररुग्णालय नाही, तिथे हे सगळं कसं जमायचं, असा प्रश्न प्राध्यापक विचारतील. वर्गमित्रांचेच डोळे तपासून चार वर्षं काढलेला विद्यार्थी निरोगी, विशीतल्या, सहकार्य करणाऱ्या डोळ्यांचाच तज्ज्ञ होतो. सिम्युलेटर आणि चित्रांचा साठा यांचा उपयोग आहे. १९७५ मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी सुरू केलेली ऑस्की पद्धत, ज्यात विद्यार्थी एकेका टेबलावर ठरावीक मिनिटांत ठरावीक काम करून दाखवतो, ती तोंडी परीक्षेपेक्षा न्याय्य आहे आणि प्रत्येक महाविद्यालयाने आणायला हवी. पण रुग्णांना पर्याय नाही. जिल्हा रुग्णालयाचा नेत्रविभाग, पुण्याच्या एच. व्ही. देसाईंसारखी धर्मादाय नेत्ररुग्णालयं आणि त्यांची दृष्टीकेंद्रं, मधुमेहाचे दवाखाने, नवजात बालकांचे अतिदक्षता विभाग यांच्याशी लेखी करार करावेत, आणि करारात किती विद्यार्थी हे लिहिण्याबरोबरच निकाल विद्यार्थ्यापर्यंत परत कसा येईल हेही लिहावं. प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी फी आणि प्लेसमेंट विचारण्याआधी हे विचारावं: तिसऱ्या वर्षी आठवड्यातले किती दिवस रुग्ण तपासायला मिळतात, कुठे, आणि शेजारी कोण असतं? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं महाविद्यालय पाहावं.

शेवटी नोकरीची गोष्ट उरते. अनेक पदवीधर चष्म्याच्या दुकानांत आणि साखळी दालनांत जातात, तिथे विक्रीचं उद्दिष्ट असतं आणि एका ग्राहकाला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. मग एवढं शिकून करायचं काय, असं निराश होऊन विचारलं जातं. दहा मिनिटांतही चाळिशीपुढच्या प्रत्येकाला मधुमेह, घरात कोणाला काचबिंदू आणि सध्या चालू असलेली औषधं विचारता येतात, टॉर्चची तपासणी होते, डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपने डिस्कवर नजर टाकता येते आणि ती नोंदवता येते. मुलांच्या वाढत्या नंबराबाबत तर दुकानातच कसोटी लागते, कारण सल्ला देणारा आणि महागडी काच विकणारा तिथे एकच असतो. कमी मात्रेच्या ॲट्रोपिनचे थेंब मुलांमध्ये नंबर वाढण्याचा वेग कमी करतात हे सिंगापूर आणि हाँगकाँगच्या चाचण्यांनी दाखवलं आहे. ते लिहून देणं नेत्रतज्ज्ञाचं काम आहे, आणि काही मुलांना खास काचांपेक्षा ते जास्त उपयोगी पडू शकतात. आईवडिलांना दोन्ही पर्याय सांगणं, त्यांत आपल्या दुकानात नसलेलाही पर्याय सांगणं, हे वर्गात शिकवायला हवं, संवाद वठवून, शिक्षकाने समोर बसून. तसंच, मला तर सगळं स्वच्छ दिसतंय असं म्हणणाऱ्या मधुमेही काकांना पडदा तपासायला पाठवणं हेही शिकण्याचं कौशल्य आहे. सोबत द्यायची चिठ्ठी चार ओळींची असावी: काय आढळलं, मोजमाप, संशय, किती दिवसांत. आठवड्याने एक फोन करून गेले का ते विचारावं, कारण चिठ्ठी खिशात ठेवून न जाणारे पुष्कळ असतात.

इंटर्नशिपचं वर्ष संपायच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वहीचा हिशेब स्वतः मांडावा. किती जणांना काचबिंदूच्या संशयाने पाठवलं आणि किती जणांत तो खरोखर निघाला, किती मधुमेहींचा पडदा पाहिला आणि त्यांतले किती तपासणीला गेले, शिक्षकांनी पुन्हा तपासलेल्या नॉर्मल रुग्णांत किती जण निसटलेले सापडले, पहिल्या सहा महिन्यांत आणि शेवटच्या सहा महिन्यांत काय फरक पडला. हे दोन पानं होतील. रुग्णांची नावं वगळून ती पानं मुलाखतीला सोबत न्यावीत आणि टेबलावर ठेवावीत. ज्या रुग्णालयाला किंवा दवाखान्याला काचबिंदूची देखरेख सोपवण्यासाठी ऑप्टोमेट्रिस्ट हवा आहे, त्याला गुणपत्रिकेपेक्षा तीच पानं जास्त सांगतील.